तालमीची शाई

मतदानाच्या आठवडाभर आधी मनोरुग्णालयानं मतदानाची रंगीत तालीम घेतली, आणि ती इतकी हुबेहूब झाली की खऱ्या मतदानाला आमच्या माणसांना कोणी आत घेईना.

कल्पना उपक्रमवाल्या मॅडमची. त्या एरवी पेशंटांकडून कागदी पिशव्या करून घेतात. मनोरुग्णांना मताचा हक्क मिळून वर्षही झालं नव्हतं, हे पहिलंच मतदान होतं, आणि मॅडमना धास्ती अशी की आपले पेशंट केंद्रात गोंधळले तर दुसऱ्या दिवशी पेपरात येणार, बघा, म्हणूनच यांना देत नव्हते. म्हणून तालीम. जेवणाच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, बिस्किटांच्या डब्याला फट पाडून केलेली मतपेटी, टेबलामागे केंद्राध्यक्ष म्हणून स्वयंपाकी. प्रश्नसुद्धा छापून घेतला होता: वॉर्डाला पडदे कोणते हवेत, निळे की हिरवे? मत दिलं की एक बिस्किट.

इथवर सगळं ठीक होतं. पण मॅडमचा मेहुणा निवडणूक कचेरीच्या गोदामात कामाला आहे. बोटाला साधं नेलपॉलिश लावलं असतं तरी भागलं असतं. मॅडम म्हणाल्या, खोट्या शाईनं पेशंटना सगळंच खोटं वाटेल. मेहुण्यानं खरी बाटली आणून दिली. ही शाई दोन-तीन आठवडे जात नाही. तिला पगार असता तर त्याचाच मिळाला असता.

तुम्ही म्हणाल, आठवडाभर कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? आलं ना. पेशंटांच्या दुसऱ्याच दिवशी आलं. वॉर्डात एक कर्नल आहेत. ते लष्करात कधीच नव्हते, पण बुटांना पॉलिश करतात आणि वेळेवर उठतात, एवढ्यावर त्यांना ती पदवी मिळाली. कर्नलनी राउंडच्या वेळी डॉक्टरांना बोट दाखवलं आणि म्हणाले, "सर, हे मतदानाला अडचण करणार." डॉक्टरांनी मान हलवून फाइलमध्ये लिहिलं, 'बोटाविषयी चिंता', आणि कर्नलची रात्रीची गोळी अर्ध्यानं वाढवली. त्यानंतर बोटाचा विषय वॉर्डात कोणी काढला नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझी ताई त्या वॉर्डात आहे. मतदानाला पेशंटांबरोबर घरचं एखादं माणूस सोबत असलं तर बरं, असा निरोप आला, तेव्हा मी सुट्टी टाकली. आईलाही म्हटलं, चल. आई शिवणाचं मशीन न थांबवता म्हणाली, "तू हो पुढं, मी माझी जाईन नंतर." तिच्या बोटाला पट्टी होती. सुई लागली म्हणाली.

मत कशावर होतं ते सांगायला हवं, कारण ताई गेले सहा महिने माझ्याशी दुसरं काही बोललेली नाही. लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात एक जुनं कलम आहे. तक्रार करणारी व्यक्ती मनोरुग्ण असेल तर तिचा एकटीचा शब्द धरायचा नाही. एखाद्या शहाण्या माणसानं ते प्रत्यक्ष पाहिलेलं असायला हवं. आता असली कामं करणारे लोक सहसा शहाण्या माणसांना बोलावून करत नाहीत, पण कायदा करणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नसावं. ते कलम काढून टाकावं का, हो की नाही, असं सार्वमत होतं.

तीन वर्षांपूर्वी ताई दुसऱ्या एका रुग्णालयात होती. तिथल्या एका वॉर्डबॉयनं भर दुपारी कपड्यांच्या खोलीत तिच्यावर जबरदस्ती केली. ताईनं त्याच दिवशी सिस्टरला सांगितलं, मग डॉक्टरांना, मग चौकशी समितीला. तिन्ही वेळा शब्दसुद्धा बदलला नाही. आजारी पडण्याआधी ताई नगररचना खात्यात नकाशे काढायची. खिडकी कुठं आणि दार कुठं हे ती चुकत नाही. समितीनं आईला बोलावून विचारलं, "मुलगी याआधी कधी खोटं बोलल्याचं तुम्हाला माहीत आहे का?" आई म्हणाली, "आजारात ती काहीबाही बोलते हो." समितीला तेवढंच हवं होतं. वॉर्डबॉयची दुसरीकडे बदली झाली, बढतीवर. तेव्हापासून ताई आईशी हवापाणी आणि कपडे या दोनच विषयांवर बोलते. आई दर आठवड्याला धुतलेले कपडे घेऊन जाते आणि दोघी त्या कपड्यांबद्दल बोलतात.

तर मतदान.

केंद्र नगरपालिकेच्या व्यायामशाळेत होतं. भिंतभर आरसे. आडोशात शिरलेला माणूस कोणत्या चौकोनात शिक्का मारतोय ते तीन बाजूंनी दिसायला लागलं, म्हणून सकाळी घाईघाईनं आरशांवर चादरी टांगल्या होत्या. मतपेटी उडी मारायच्या ठोकळ्यावर ठेवली होती. वजनं कोपऱ्यात सरकवलेली. रुग्णालयाची बस आम्हाला घेऊन पोचली तेव्हा दुपार कलली होती, कारण निघताना दोघांचे बूट सापडेनात आणि कर्नल त्याशिवाय निघू देईनात.

मॅडमना आणि डॉक्टरांना फाटकाबाहेरच थांबावं लागलं. नवा नियम होता. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी पेशंटांवर दबाव टाकू नये म्हणून त्यांना आत यायला बंदी. नियम चांगला आहे. मॅडम कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून आत बघत होत्या आणि जाणारे-येणारे त्यांच्याकडे बघत होते.

रांगेत पहिली ताई. गोळ्यांमुळे तिचे पाय स्वस्थ बसत नाहीत, उभी असली तरी दोन पावलं पुढं, दोन मागं असं चालूच असतं. तिच्यामागे मास्तर होते. आयुष्यभर भूगोल शिकवलेले मास्तर, आता पेशंट. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पुढं जाता की मागं, एकदा काय ते ठरवा. माझी रांग मोडते."

"तुमची रांग म्हणजे तुम्ही एकटेच की हो, मास्तर," ताई म्हणाली.

"तरी मोडते."

शाई लावणाऱ्या कारकुनानं ताईचं बोट हातात घेतलं, बघितलं, आणि परत ठेवून दिलं. जसं दुकानदार फाटकी नोट परत ठेवतो. "तुमचं झालंय," तो म्हणाला.

"नाही झालं."

"शाई आहे की."

"ती तालमीची आहे."

त्यानं मागं मास्तरांचं बोट पाहिलं. मग कर्नलचं. मग उरलेल्या पाच जणांची बोटं बघून तो उठला आणि केंद्राध्यक्ष बाईंना घेऊन आला.

बाई एरवी शाळेत गणित शिकवत. चष्मा डोक्यावर, बगलेत नियमांचं पुस्तक. त्यांनी आठही बोटं तपासली, अगदी शांतपणे, जशी गृहपाठाची वही तपासतात. मी सगळं सांगितलं, मॅडम, मेहुणा, बिस्किटं. सांगताना माझं मलाच पटेना.

"यादीत बघा ना," मी म्हणालो, "यांच्या नावांपुढं सह्या नाहीत."

"यांच्या नावांपुढं नाहीत. दुसऱ्या कोणाच्या नावावर यांनी दिलं नसेल कशावरून? त्यासाठीच तर शाई असते."

"आठ माणसं, आठ खोट्या नावांनी, आणि मग खऱ्या नावांनी बसमधून?"

"असं घडलंय असं मी म्हणत नाही. घडलेलं नाही हे सिद्ध करा, एवढंच म्हणतेय."

फाटकाबाहेरून मॅडम हातवारे करत होत्या. आधी स्वतःच्या छातीकडे बोट, मग बाटलीचा आकार, मग कपाळावर हात. बाईंनी तिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "या पण तुमच्यातल्या का?"

"नाही, त्यांना पगार मिळतो."

बाईंनी पुस्तकातलं पान काढलं. शाईबद्दल आक्षेप आला तर मत वेगळ्या पाकिटात घालून देता येतं, आणि ते मोजतातही. पण त्याला साक्ष लागते. साक्षीदार याच केंद्राच्या यादीतला हवा. तो रुग्णालयाचा कर्मचारी नको. आणि शाई कशी लागली ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

"मी सांगतो," मास्तर म्हणाले. "मी पाहिलंय. स्वयंपाक्यानं लावली. माझ्या बोटाला जरा जास्तच लावली."

"तुमच्यावरच तर आक्षेप आहे, सर."

"मग मी?" कर्नल म्हणाले.

"तुमच्यावरही."

ताई हसली. तिला हसताना मी फार दिवसांनी पाहिलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. "म्हणजे आम्ही आठ जणांनी पाहिलंय, पण आठातला एकही चालत नाही," ती म्हणाली. "एक शहाणं माणूस हवं."

"नियमात शहाणं असं म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र पडला. पुस्तक वाचून झाल्यावर त्याचा अर्थ कळला की होतो तसा.

केंद्र साडेपाचला बंद होणार होतं. बसचा ड्रायव्हर दोनदा येऊन विचारून गेला होता, गोळ्यांच्या वेळेआधी पोचायचंय, किती वेळ. मी यादीत होतो. मी कर्मचारी नव्हतो. फक्त पाहिलं नव्हतं, आणि तीनपैकी दोन म्हणजे काही वाईट नाही असं मला वाटलं.

"मी पाहिलंय," मी म्हणालो. "त्या दिवशी मी होतो तिथं."

"तू नव्हतास," ताई म्हणाली.

"होतो ना."

"तू नव्हतास. तुझ्या कुठल्याशा लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. बाई, याचं लिहू नका. हा खोटं बोलतोय."

मी तिला बाजूला घेतलं. "तायडे, तुला मत द्यायचंय की नाही?"

"द्यायचंय. पण तुझं खोटं सापडलं तर उद्या काय म्हणतील? यांनी खोटा साक्षीदार आणला. मग माझं आधीचंही सगळं खोटं. मला ते चालणार नाही." ती दोन पावलं गेली, दोन पावलं आली. "आईला आण. आई होती त्या दिवशी."

"कुठं?"

"तालमीला. कपडे घेऊन आली होती. रांगेत होती, माझ्यामागे, दोन माणसं सोडून. तिनंही मत दिलं. तिच्याही बोटाला शाई लागली."

मी ताईकडे पाहिलं. आता हे आजारातलं की खरं, असा विचार माझ्या डोक्यात आला, आणि आला तो तिला दिसला. या गोष्टी तिला दिसतात. सवयीनं.

"फोन कर," ती म्हणाली.

मी फोन केला. मागं मशीन चालू होतं. मी विचारलं, "आई, त्या तालमीच्या दिवशी तू रांगेत होतीस का? शाई लावून घेतलीस का?" मशीन थांबलं.

"मी? मी कशाला?" आई म्हणाली. "मी कपडे दिले आणि आले. काहीतरीच."

"ताई म्हणतेय तू होतीस."

मग आई म्हणाली, "तिचं तू काय घेऊन बसलास," आणि फोन ठेवला.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. "नाही म्हणाली," मी सांगितलं.

व्यायामशाळेत एक बाक होता, लोक त्यावर झोपून वजनं उचलतात तसा. त्यावर तिनं बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा उठली आणि चादरी टांगलेल्या भिंतीच्या कडेनं चालायला लागली, इकडून तिकडं, तिकडून इकडं. वाऱ्यानं चादर हलली की खालून आरसा दिसायचा आणि त्यात तिचे पाय.

लिफ्टमध्ये माणसं अडकली की बाहेरच्याला काही दिसत नाही. फक्त आवाज येतो, आम्ही तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे आहोत. वर दिवा दाखवतो पहिला मजला. नवीन मुलं दिव्यावर विश्वास ठेवतात आणि पहिल्या मजल्यावर जाऊन दार उघडतात. मी आवाजावर ठेवतो. हे आठवायचं काही कारण नव्हतं, पण आठवलं, आणि त्याला लागूनच आईची पट्टी आठवली.

चाळीस वर्षं शिवणकाम करणारी बाई सुई लागली म्हणून पट्टी बांधत नाही. ती बोट तोंडात घालते आणि पुढं शिवते.

"बाई," मी केंद्राध्यक्षांना म्हणालो, "साक्षीदार आणतो. बंद करू नका."

"साडेपाचच्या आत फाटकातून आत आलेला माणूस मी बाहेर काढत नाही," बाई म्हणाल्या. "एवढंच माझ्या हातात आहे."

बसमधून आलेल्या माणसाला मोटारसायकल कुठून मिळणार, म्हणून मी शाई लावणाऱ्या कारकुनाची घेतली. त्यानं किल्ली देताना माझं बोट बघून घेतलं.

आई मशीनपुढं बसली होती. पण शिवत नव्हती. पायाखाली पायडल, पाय त्याच्यावर, आणि पायडल हलत नाही.

"आई, पट्टी सोड."

"का? तू डॉक्टर कधी झालास?"

"सोड ना."

"ओली आहे अजून जखम."

"आठवड्याची सुई. अजून ओली?"

आईनं कात्री उचलली आणि परत ठेवली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला काय ठाऊक होतं. रांग दिसली. उभी राहिले."

हे मात्र खरं असणार. आई रांग दिसली की आधी उभी राहते आणि मग पुढच्याला विचारते, कशाची आहे. एकदा अशीच ती रक्तदान करून आली होती.

"ती मॅडम म्हणाली, या मावशी, तुम्हीपण द्या. मी म्हटलं, देते. पडदे तर पडदे. मग त्या मेल्यानं ब्रश फासला. घरी येऊन घासलं, लिंबू लावलं, रॉकेल लावलं. जाईना." तिनं पट्टीवरून अंगठा फिरवला. "दोनदा मत दिलं की आत टाकतात म्हणे. म्हणून गेलेच नाही आज."

"आत कोण टाकतंय? मग मघाशी फोनवर नाही का म्हणालीस?"

"तूच सांग, काय म्हणू? हो, मी होते, तिथल्या लोकांच्या रांगेत? ही शेजारीण इथं बटणं लावून घ्यायला बसली होती, तिच्यासमोर?"

"शेजारीण गेली का?"

"गेली."

"मग आता म्हण."

आईनं हळूच विचारलं, "ती काय म्हणाली? मी नाही म्हटल्यावर?"

"काही नाही. बसायला गेली. तिला बसवलं नाही."

आईनं मशीनमधलं कापड काढलं, घडी घातली, सुई सुयांच्या गादीत खुपसली, मशीनवर झाकण घातलं. एवढं सगळं ती रोज झोपताना करते तितक्याच सावकाश करत होती आणि माझा जीव घड्याळात. दार ओढून घेताना ती म्हणाली, "गाडी कोणाची?"

"सरकारी माणसाची."

"मग नीट चालव."

वाटेत तिनं मागं बसून पट्टी सोडली. फेकली नाही, गुंडाळून पर्समध्ये ठेवली. आई काही फेकत नाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा पोलीस एक झडप लावत होता. उरलेल्या झडपेत मॅडम उभ्या होत्या, पाय अडकवून. त्यांना आत यायला बंदी होती, पण फाटक बंद होऊ न देण्याला बंदी नव्हती. "दबाव नाही, फक्त उभी आहे," त्या पोलिसाला समजावत होत्या. आम्ही त्यांच्या हाताखालून आत गेलो.

केंद्राध्यक्ष बाई वजनांपाशी टेबल लावून बसल्या होत्या. आमची माणसं रांगेत होती, ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं; मास्तरांनी कोणाला हलू दिलं नव्हतं. ताई तेवढी भिंतीशी चालत होती. तिनं आईला पाहिलं, आईच्या बोटाकडं पाहिलं, आणि चालत राहिली.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"हिची आई."

"पेशंट नाही?"

"नाही हो."

"मग बोट?"

आईनं बोट पुढं केलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "अहो मावशी, मग तुमच्यावरही आक्षेप आहे."

"आम्ही सांगतो ना," मास्तर रांगेतून म्हणाले, "त्या आमच्यातल्या नाहीत. आम्हाला ओळखू येतं."

"यांची साक्ष त्यांना आणि त्यांची यांना," बाई म्हणाल्या. "जे सिद्ध करायचंय तेच तुम्ही गृहीत धरताय. मी मुलांना यात शून्य देते."

पण त्यांनी शून्य दिलं नाही. पेन्सिल कानावर ठेवून त्या जरा वेळ विचार करत बसल्या, आणि मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी बरं उदाहरण घातलं होतं. त्यांनी आईला हॉलच्या एका टोकाला नेलं, ताईला दुसऱ्या. दोघींना वेगवेगळं विचारलं. टेबलामागे कोण होतं. पेटी कशाची होती. प्रश्न काय होता. ताईनं चालता चालता उत्तरं दिली, बाई तिच्याबरोबर चालत लिहीत होत्या. आई वजनं ठेवायच्या घोड्याला धरून उभी होती.

दोन्ही कागद बाईंनी शेजारी ठेवून वाचले. स्वयंपाकी. बिस्किटांचा डबा. पडदे. ताईनं एक जास्तीचं सांगितलं होतं: आईनं मिळालेलं बिस्किट खाल्लं नाही, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं.

"आहे," आई म्हणाली आणि पर्स उघडायला लागली.

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

"अहो खरंच आहे, जरा मऊ पडलं असेल."

"मावशी, राहू द्या. तुम्ही दोघींनी सांगितलंत ना. मला तेवढं पुरे आहे." मग त्यांनी छापील कागद ओढला. "आता शेवटचा प्रश्न, हा सगळ्यांनाच विचारायचा असतो. सदर व्यक्ती यापूर्वी कधी खोटं बोलल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

आई थांबली. तोच प्रश्न होता. सरकारी कागद एकाच ठिकाणी छापत असणार. ताई हॉलच्या त्या टोकाला होती, पण चालत चालत या टोकाला येत होती. मी काही बोललो नाही. लिफ्टमध्येही अशा वेळी काही बोलायचं नसतं, केबलला घ्यायचा असतो तेवढा ताण घेऊ द्यायचा.

"नाही," आई म्हणाली. "ती सांगते तसंच झालेलं असतं."

"या शाईबाबत."

"शाईबाबत. आणि त्या वेळीही."

"कोणत्या वेळी?"

"तीन वर्षांपूर्वी. ती सांगत होती ते खरं होतं. मला माहीत होतं. मी म्हणाले, ती काहीबाही बोलते." आईनं शाईचं बोट टेबलावर ठेवलं. "तुमच्या कागदात याला जागा नसेल. पण लिहा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. काय ते त्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही. मत कशावर होतं ते त्यांना माहीत होतं. कागदात जागा नव्हतीच. त्यांनी समासात आडवं लिहिलं, आणि खाली आईची सही घेतली.

ताईचे पाय थांबले नाहीत. गोळ्यांचे पाय साक्षीनं थांबत नाहीत. पण ती भिंत सोडून टेबलाभोवती चालायला लागली.

मग पाकिटं आली; आईची तीच साक्ष बाईंनी आठही जणांना धरली. ताई आडोशात गेली आणि पुठ्ठ्याच्या खालून तिची पावलं पुढं-मागं होताना दिसत राहिली. शिक्का पडल्याचा आवाज आला. फार जोरात मारला तिनं, शेजारच्या ठोकळ्यावरची पेटी हलली. बाहेर आल्यावर कारकुनानं उजव्या हाताच्या बोटाला नवी शाई लावली. मास्तरांनी, कर्नलनी, सगळ्यांनी मत दिलं. कर्नलनी शाई लावणाऱ्याला सांगितलं, "हे बोट मी डॉक्टरांना दाखवणार नाही."

राहिली आई.

"तुमच्यासाठी साक्षीदार?" बाईंनी विचारलं. "आता यांचे आक्षेप मिटलेत, तेव्हा यांच्यातलं कोणीही चालेल."

"मी," ताई म्हणाली.

बाईंनी नवा कागद घेतला, तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि शेवटी वर न बघता तो शेवटचाही. "सदर व्यक्ती यापूर्वी कधी खोटं बोलल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

"हो," ताई म्हणाली. "एकदा."

कारकुनानं बाटलीचं झाकण अर्धवट लावलं होतं, ते तसंच राहिलं. आई वजनांकडे बघत होती. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "असं असेल तर मला यांना मत देऊ देता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते म्हणायचं नव्हतं हे दिसत होतं.

"ती दुरुस्ती झालीय," ताई म्हणाली. "मघाचा कागद बघा. तुम्हीच लिहिलंय, समासात."

बाईंनी मघाचा कागद काढला. आडवा धरून समास वाचला, पुन्हा वाचला. मग नव्या कागदावर 'एकदा' लिहिलं, पुढं 'दुरुस्त' लिहिलं, आणि शिक्का मारला.

आई आडोशात बराच वेळ होती. तिला चौकोन निवडायला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं, पण नंतर कळलं, चष्मा मशीनवर राहिला होता आणि हो कुठलं आणि नाही कुठलं ते ती बोट लावून शोधत होती.

बाहेर ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. मॅडम फाटकाशी आठही जणांची उजवी बोटं बघत उभ्या होत्या आणि त्यांना रडू येत होतं. डॉक्टर फाइल आणायला विसरले होते. मी कारकुनाची किल्ली परत केली.

"पडद्यांना तू काय दिलं होतंस?" ताईनं आईला विचारलं. दोघी बसच्या कडेनं चालत होत्या.

"निळे."

"मीपण निळे."

"मग हिरवे कसे लागले?"

"कर्नलनी सगळ्यांना पटवलं. म्हणे लष्करात हिरवेच असतात."

"त्यांना काय ठाऊक?" आई म्हणाली.

दोघी बसच्या टोकापर्यंत जाऊन वळल्या. ताई भराभर चालत होती आणि आई चपला ओढत तिच्याबरोबर जुळवून घेत होती. सगळे आत बसले होते, खिडक्यांतून बघत. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "बाई, बसा आता. उशीर होतोय."

"जरा थांबा," आई म्हणाली. "तिला बसवत नाही."